कीचक कोण, हें कोणीं सांगावें?

नाटकाला पहिला विरोध नाटकाच्या पहिल्याच प्रयोगांत झाला, असें नाट्यशास्त्राच्या पहिल्या अध्यायांत भरतमुनींनीं लिहून ठेविलें आहे. इंद्रध्वजाचा उत्सव चालला होता आणि देवांनीं दैत्यांना कसें जिंकलें याचा प्रयोग नट करीत होते. प्रेक्षकांत दैत्यहि होते. चारचौघांदेखत आपली फजिती दाखविली जात आहे हें पाहून ते खवळले आणि विरूपाक्षादि विघ्नांनीं नटांची वाचा, हालचाल व स्मृति हीं तिन्ही जखडून टाकिलीं. इंद्रानें ध्वजदंड उचलून त्यांना झोडपलें; तोच दंड पुढें ‘जर्जर’ म्हणून नाट्यमंडपांत पूजिला जाऊं लागला. मग विश्वकर्म्याकडून बंदिस्त नाट्यगृह बांधवून त्याच्या कोपऱ्याकोपऱ्यावर देवतांचे पहारे बसविण्यांत आले. इतकें करूनहि दैत्यांचा राग शमेना. तेव्हां ब्रह्मदेवानें त्यांना जवळ बोलावून समजूत घातली कीं, हें नाट्य एकट्या देवांचें नव्हे आणि एकट्या तुमचेंहि नव्हे. त्रैलोक्यांतील सर्वांचेच भाव त्यांत यावयाचे आहेत.

येथपर्यंतची कथा पुष्कळांना ठाऊक असते. परंतु त्याच ग्रंथाच्या अखेरच्या भागांत दुसरी एक कथा आहे, ती सहसा कोणी सांगत नाहीं. नाट्यवेदांत पारंगत झालेल्या भरतपुत्रांनीं एका प्रहसनांत खुद्द ऋषींचीच टर उडविली. ऋषींनीं जर्जर उचलला नाहीं कीं समजूतहि घातली नाहीं. त्यांनीं सरळ शाप दिला कीं, तुमचें ज्ञान नष्ट होईल आणि तुम्ही व तुमचा वंश हीन होऊन राहील. दैत्य रागावले यांत नवल तें काय? पण ज्यांनीं क्रोध जिंकावयाचा ते ऋषिहि आपलें सोंग पाहून रागावले, ही गोष्ट भरतांनीं झांकून ठेविली नाहीं याबद्दल आम्हांला त्यांचें फार कौतुक वाटतें. नाटकावर पुढें जगांत जीं जीं सरकारी बंधनें आलीं, त्यांच्या मुळाशीं पाहूं गेल्यास या दोन कथांपैकीं एक तरी सांपडतेच.

आमच्या देशांतील नाट्यबंदीच्या कायद्याचें माहेर इंग्लंड. म्हणून आरंभ तेथून करणें भाग आहे. तेथें अठराव्या शतकाच्या पूर्वार्धांत सर रॉबर्ट वॉल्पोल हा मुख्य प्रधान होता. वीस वर्षें राज्याचीं सूत्रें हातीं ठेवणारा हा पुरुष लांचलुचपतीबद्दल बदनाम होता. १७२८ सालीं जॉन गे यानें ‘बेगर्स ऑपेरा’ हें संगीतक रंगभूमीवर आणिलें. त्यांत पात्रें सगळीं चोर, वाटमारे आणि चोरीचा माल पचविणारे दलाल. पण त्यांचा व्यवहार असा बेतलेला कीं, प्रेक्षकांना दरबार आणि प्रधानमंडळ आठवावें. लंडन शहर पोट धरून हंसलें. गे यानें त्याचा उत्तरभाग ‘पॉली’ लिहिला, तेव्हां राजवाड्याचा अधिकारी लॉर्ड चेंबरलेन यानें त्याचा प्रयोग होऊं दिला नाहीं. गे यानें तें पुस्तक छापून काढलें आणि बंदीच्या गाजावाजामुळें तें धडाक्यानें खपलें.

वॉल्पोलचा खरा कांटा मात्र हेन्री फील्डिंग. हेमार्केटच्या लहानशा नाट्यगृहांत त्यानें एकामागून एक अशीं नाटकें लाविलीं कीं, प्रधानाला रोज संध्याकाळीं आपलीच विटंबना ऐकावी लागे. १७३७ सालीं वॉल्पोलला हवी ती संधि मिळाली. ‘गोल्डन रम्प’ नांवाच्या एका नाटकाचें हस्तलिखित एका नाट्यगृहाच्या चालकानें त्याच्या हातीं आणून दिलें. त्यांत राजाच्या देहधर्माविषयीं अत्यंत ग्राम्य मजकूर होता. वॉल्पोलनें त्यांतील वेंचे पार्लमेंटांत वाचून दाखविले, सभासद हादरले आणि जून महिन्यांत कायदा पसार झाला. त्या नाटकाचा प्रयोग कधींच झाला नाहीं, तें छापलेंहि गेलें नाहीं. वॉल्पोलनें तें मुद्दाम लिहवून घेतलें असावें, असा संशय पुष्कळांनीं पुढें बोलून दाखविला आहे. खरें खोटें तो जाणे. परंतु न झालेल्या नाटकाच्या जोरावर होऊं घातलेलीं सर्व नाटकें बांधून टाकण्याची ही युक्ति मुत्सद्देगिरीच्या इतिहासांत नोंदवून ठेवण्याजोगी आहे.

कायद्याचा सारांश असा: कोणतेंहि नवें नाटक प्रयोगापूर्वीं चवदा दिवस लॉर्ड चेंबरलेनकडे धाडलें पाहिजे, त्यानें नाकारलें तर तें होणार नाहीं, कारण सांगण्यास तो बांधलेला नाहीं, आणि हुकूम मोडणारास पन्नास पौंड दंड. येथें एक गोष्ट ध्यानांत धरावी. इंग्लंडांत ग्रंथ व वर्तमानपत्रें यांना छापण्यापूर्वीं परवाना घेण्याचें बंधन १६९५ सालींच संपलें होतें. म्हणजे जें वाक्य माणसाला घरीं बसून पुस्तकांत खुशाल वाचतां येई, तेंच नटाच्या तोंडून ऐकावयाचें तर अधिकाऱ्याची परवानगी हवी! याचें कारण उघड आहे. वाचणारा एकटा असतो. नाटक पाहणारे पांचशें असतात, आणि त्या पांचशांना एकमेकांचा श्वास ऐकूं येतो. जें हंसें एकट्याच्या ओठांत राहतें तें नाट्यगृहांत छप्परापर्यंत जातें. सत्ताधाऱ्याला शब्दांची भीति थोडी; त्या एकत्र हंसण्याची फार.

उमरावांच्या सभेंत लॉर्ड चेस्टरफील्ड यानें या कायद्याला विरोध केला. बुद्धि ही सुद्धां एक मालमत्ता आहे आणि कित्येक बिचाऱ्यांपाशीं तेवढीच काय ती असते, तिच्यावर ही जकात कशाला, असा त्याच्या बोलण्याचा रोख होता. भाषण नांवाजलें गेलें. कायदा मात्र झाला. फील्डिंगची नाट्यलेखणी थांबली. तो वकिलीकडे वळला आणि पुढें कादंबऱ्या लिहूं लागला. ‘टॉम जोन्स’ ही त्याची विख्यात कादंबरी १७४९ची. यावरून कित्येक पंडित असें म्हणतात कीं, बंदी आली म्हणूनच इंग्रजी कादंबरीला फील्डिंग लाभला. हा युक्तिवाद आम्हांला मुळींच पटत नाहीं. मंडालेच्या तुरुंगांत ‘गीतारहस्य’ लिहिलें गेलें म्हणून तुरुंगाचे आभार मानावयाचे काय?

हा कायदा पुढें दोनशें एकतीस वर्षें चालला. त्या अवधींतल्या गमती सांगूं लागल्यास हा सारा अंक भरेल. तिसरा जॉर्ज राजा भ्रमिष्ट झाला तेव्हां तो असेतों लंडनच्या रंगभूमीवर ‘किंग लियर’ झालें नाहीं, कारण त्यांतहि राजा वेडा होतो. दोनशें वर्षांपूर्वींच्या शेक्सपिअरलाहि सवलत नाहीं. १९०७ सालीं जपानचा एक राजपुत्र पाहुणा म्हणून येणार, तर त्याला वाईट वाटेल म्हणून ‘मिकाडो’ हें वीस वर्षांहून अधिक काळ निर्वेध चाललेलें हास्यसंगीतक कांहीं आठवडे बंद ठेविलें गेलें. १८४३ सालीं कायदा नव्यानें बांधला गेला तेव्हां सभ्यता, शिष्टाचार किंवा सार्वजनिक शांतता यांसाठीं नाटक नाकारावें असें त्यांत लिहिलें. (त्याच १८४३ सालीं सांगलीस विष्णुदास भावे यांनीं ‘सीतास्वयंवर’ केलें. एकीकडे बेडीचे नवे सांधे जोडले जात असतां दुसरीकडे मराठी नाटक जन्माला येत होतें!)

या सभ्यतेच्या कलमाचा खरा फटका बर्नार्ड शॉ यांना बसला. ‘मिसेस वॉरेन्स प्रोफेशन’ हें नाटक त्यांनीं १८९३ सालीं लिहिलें. वेश्याव्यवसाय हा स्त्रियांच्या दुर्गुणांतून नव्हे, तर त्यांना मिळणाऱ्या तुटपुंज्या मजुरींतून उत्पन्न होतो, असें त्यांत त्यांनीं मांडलें. परवाना मिळाला नाहीं. १९०२ सालीं एका खासगी संस्थेच्या सभासदांपुरता प्रयोग झाला. उघड प्रयोगाची परवानगी मिळावयास १९२५ साल उजाडलें. बत्तीस वर्षें! शॉ यांचें म्हणणें असें कीं, त्याच व्यवसायाचें गुलाबी चित्र काढणारीं, त्यांतल्या नायिकेला सुंदर वस्त्रें नेसवून शेवटच्या अंकांत मारून टाकणारीं नाटकें परीक्षक बेलाशक मंजूर करीत होता. अडविलें तें फक्त खरें कारण सांगणाऱ्या नाटकाला. १९०९ सालीं त्यांचें दुसरें एक नाटक अडलें, तें त्यांनीं डब्लिनला नेऊन केलें, कारण लॉर्ड चेंबरलेनचा अधिकार आयर्लंडांत चालत नव्हता. अखेर १९६८च्या सप्टेंबरांत हा अधिकार रद्द झाला. मागें उरले ते नाटकांच्या हस्तलिखितांचे ढीग. प्रत्येक नाटक परीक्षकाकडे धाडावेंच लागत असल्यामुळें इतरत्र नष्ट झालेलीं नाटकेंहि तेथें जपून राहिलीं, आणि आज अभ्यासक त्यांचा उपयोग करतात.

आतां हिंदुस्थानाकडे वळूं. १८७५-७६च्या हिंवाळ्यांत इंग्लंडचे युवराज कलकत्त्यास आले असतां जगदानंद मुखर्जी नांवाच्या एका प्रतिष्ठित वकिलांनीं त्यांना आपल्या घरीं नेलें आणि अंतःपुरांतील स्त्रियांनीं त्यांना ओवाळलें. पडद्याची चाल असलेल्या बंगाली समाजांत मोठा गहजब झाला. ‘ग्रेट नॅशनल थिएटर’ या मंडळीनें लगेच ‘गजदानंद ओ युवराज’ नांवाचें प्रहसन केलें. पोलिसांनीं तें थांबविलें, तेव्हां मंडळीनें नांव बदलून तें पुन्हां लाविलें. तेंहि थांबल्यावर पोलिसांवरच प्रहसन रचलें. कलकत्त्याच्या पोलीस कमिशनराचें आडनांव हॉग आणि सुपरिंटेंडेंटाचें लँब, म्हणून प्रहसनाच्या नांवांत डुक्कर आणि मेंढा! व्हाइसरॉय लॉर्ड नॉर्थब्रुक यांनीं २९ फेब्रुवारी १८७६ रोजीं वटहुकूम काढला, आणि वर्षअखेरीस त्याचा कायदा झाला. तोच १८७६चा एकोणिसावा कायदा, ‘ड्रॅमॅटिक परफॉर्मन्सेस ॲक्ट’.

प्रहसन हें केवळ निमित्त होतें. सरकारच्या डोळ्यांत त्यापूर्वींचीं नाटकें सलत होतीं. निळीच्या मळेवाल्यांचे जुलूम दाखविणारें दीनबंधु मित्र यांचें ‘नीलदर्पण’ १८६०चें. त्याच्या इंग्रजी भाषांतराच्या प्रकाशनाबद्दल रेव्हरंड लाँग यांना एक महिना कैद आणि हजार रुपये दंड झाला होता. पुढें चहाच्या मळ्यांवरहि तसलेंच नाटक निघालें. बडोद्याच्या मल्हारराव गायकवाडांवर रेसिडेंट फेअर यांना विष घालण्याचा आरोप येऊन १८७५ सालीं त्यांना गादीवरून काढलें, त्या प्रकरणावर तर बंगालींतहि नाटक झालें आणि मराठींतहि. असंतोष रंगभूमीवर चढूं लागला होता.

हा कायदा इंग्लंडच्या कायद्याहून निराळा होता. येथें प्रत्येक नाटक आगाऊ धाडण्याची सक्ति नव्हती. पण निंदाव्यंजक, सरकाराविषयीं अप्रीति उत्पन्न करणारा किंवा प्रेक्षकांची नीति बिघडविणारा प्रयोग असल्याचें सरकारचें मत झालें कीं हुकूम निघे. हुकूम मोडणारास तीन महिन्यांपर्यंत कैद. एक मौजेचें कलम असें कीं, धर्मोत्सवांतील जात्रांना व तत्सम प्रयोगांना हा कायदा लागू नाहीं. सरकारनें धर्माला हात लावावयाचा नाहीं हें धोरण. पण ज्या देशांत लोक अन्यायाची गोष्टच मुळीं पुराणाच्या भाषेंत बोलतात, तेथें या कलमाचा फोलपणा उघड होण्यास वेळ लागला नाहीं. तो महाराष्ट्रानें उघड केला.

कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर हे सांगलीचे आणि ‘केसरी’च्या संपादकवर्गांतले. त्यांचें ‘कीचकवध’ १९०७ सालीं महाराष्ट्र नाटक मंडळीनें रंगभूमीवर आणिलें. कथा विराटपर्वांतली. पांडव अज्ञातवासांत, द्रौपदी सैरंध्री होऊन राणी सुदेष्णेच्या सेवेंत, आणि राणीचा भाऊ, विराटाचा सेनापति कीचक, तिच्यामागें लागलेला. लॉर्ड कर्झन व्हाइसरॉयपद सोडून गेले त्याला दोनच वर्षें झालीं होतीं आणि वंगभंगाची जखम ताजी होती. प्रेक्षकांना कीचक कोण हें कोणीं सांगावें लागलें नाहीं. अपमानित सैरंध्री म्हणजे भारतमाता, दमानें घ्या म्हणणारा कंकवेषधारी धर्मराज म्हणजे नेमस्त, आणि मुठी आंवळणारा बल्लव म्हणजे जहाल.

आमचें येथें एक म्हणणें आहे. हें रूपक खाडिलकरांनीं कथेवर लादलें, असें जें पुष्कळदां लिहिलें जातें तें अर्धेंच खरें. मूळ विराटपर्व काढून पाहावें. भर दरबारांत कीचक द्रौपदीला लाथ मारतो. विराट राजा गप्प बसतो, कारण त्याचें राज्यच सेनापतीच्या जिवावर उभें. भीम क्रोधानें एका झाडाकडे पाहूं लागतो. तेव्हां युधिष्ठिर त्याला आवरण्यासाठीं म्हणतो कीं, बल्लवा, चुलीसाठीं लांकडें हवीं असतील तर बाहेर जाऊन तोड. केवढें हें बोलणें! संयम, भीति, हिशेब आणि भावाला दिलेली इशारत, सर्व एका वाक्यांत. नेमस्त आणि जहाल यांचा वाद व्यासांनींच लिहून ठेविला होता. खाडिलकरांनीं त्याला मराठी वाणी दिली आणि काळ अचूक साधला.

सरकारची अडचण येथेंच होती. मुंबई सरकारच्या ओरिएंटल ट्रान्स्लेटरच्या कचेरींत देशी भाषांतील मजकुराचीं भाषांतरें होत. पण ‘कीचकवधा’चें शब्दशः भाषांतर केलें तर हातीं काय लागणार? महाभारतांतील एक आख्यान! त्यांत कोठेंहि कर्झन नाहीं, इंग्रज नाहीं, वंगभंग नाहीं. बंदी घालावयाची तर हा कीचक म्हणजे आमचे व्हाइसरॉय, असें सरकारनें स्वतःच्या तोंडानें म्हणावयाचें. नाटक जवळजवळ तीन वर्षें चाललें त्याचें एक कारण ही पंचाईत असावी, असा आमचा तर्क आहे.

मग २१ डिसेंबर १९०९ रोजीं नाशिकचे कलेक्टर जॅक्सन यांचा अनंत कान्हेरे यांनीं वध केला. तो नाट्यगृहांतच, विजयानंद थिएटरांत, जॅक्सन नाटक पाहावयास आले असतां. नाटक होतें ‘शारदा’! जरठ-कुमारीविवाहाच्या त्या नाटकाचा राजकारणाशीं सुतरामहि संबंध नव्हता, आणि त्यावर कोणी बंदीहि घातली नाहीं. पण महिन्याभरांत लंडनच्या ‘टाइम्स’मध्यें ‘कीचकवधा’वर सविस्तर लेख आला, आणि त्याच जानेवारींत, १९१० सालीं, मुंबई इलाख्यांत नाटकावर बंदी आली. पुढें व्हॅलेंटाइन चिरोल यांनीं आपल्या पुस्तकांतहि त्याचा विस्तारानें परामर्श घेतला. ‘टाइम्स’च्या लेखकानें प्रयोग पाहणाऱ्यांचें वर्णन केलें आहे: पुरुषांच्या कपाळावरच्या आंठ्या, द्रौपदीची विनवणी ऐकतांना ब्राह्मण स्त्रियांचे चमकणारे डोळे, आणि कीचक मेल्यावर नाट्यगृहांत उमटणारा समाधानाचा हुंकार. लेख नाटकाच्या विरुद्ध लिहिलेला. पण मराठी प्रयोगाची याहून सुंदर पावती आम्हीं वाचलेली नाहीं. त्या स्त्रिया कोण होत्या? आपल्याच घरांतल्या कोणाच्या पणज्या, खापरपणज्या. शाळेंत त्या क्वचित् गेलेल्या, वर्तमानपत्र त्यांच्या हातीं क्वचित् पडलेलें. पण विराटपर्व त्यांना पाठ होतें. त्यांना वंगभंग समजला तो या नाटकांतून.

बंदी उठली १९२६ सालीं. सोळा वर्षांत जग पालटलें होतें. टिळक राहिले नव्हते, गांधींचें युग सुरू झालें होतें. खाडिलकर ‘मानापमान’, ‘स्वयंवर’ अशा संगीत नाटकांकडे वळले आणि महाराष्ट्र त्या गाण्यांत बुडून गेला. तीं नाटकें आम्हांला प्राणप्रिय आहेत. तरीहि, ज्या वयांत खाडिलकरांची गद्य लेखणी तलवारीसारखी चालत होती त्या वयांत तिला म्यान करावें लागलें, याची चुटपुट राहतेच. कीचकाचें दुर्दैव मात्र तेथेंहि संपलें नाहीं. बाबूराव पेंटर यांनीं १९२० सालीं याच कथेवर ‘सैरंध्री’ हा मूकपट काढला, तेव्हां त्यांतील वधाच्या दृश्यावर कात्री चालली.

स्वराज्य आल्यावर हा कायदा गेला असेल असें वाचकांस वाटेल. तसें झालें नाहीं. १९५३ सालीं लखनौस प्रेमचंदांच्या ‘ईदगाह’ या कथेवरील नाटक केल्याबद्दल इप्टा या संस्थेच्या लोकांवर त्याच कायद्याखालीं खटला झाला. ईदच्या जत्रेंतून आजीसाठीं चिमटा आणणाऱ्या पोराची ती गोष्ट! अलाहाबादच्या उच्च न्यायालयानें १९५६ सालीं हा कायदा घटनाविरोधी ठरविला. तरी पुस्तकांतून तो निघाला नाहीं. पार्लमेंटानें तो रद्द केला तो थेट २०१८च्या आरंभीं.

महाराष्ट्रांत तर स्वराज्यांत उलट पूर्वपरीक्षणच आलें. रंगभूमि प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडे संहिता धाडून प्रमाणपत्र घेण्याची रीत येथें रुळली. म्हणजे इंग्रजानें आपल्या घरीं ठेविलेली व आम्हांवर न लादलेली रीत आम्हीं आपण होऊन घेतली. १९७२ सालीं विजय तेंडुलकरांच्या ‘सखाराम बाइंडर’मध्यें मंडळानें बत्तीस ठिकाणीं काटछांट सांगितली, दिग्दर्शक कमलाकर सारंग उच्च न्यायालयांत गेले आणि नाटक सुटलें. २०१६ सालीं अमोल पालेकर यांनींहि या पूर्वपरीक्षणाविरुद्ध उच्च न्यायालयांत अर्ज केला. शाळेच्या स्नेहसंमेलनासाठीं आलेल्या संहिता तांबडी पेन्सिल घेऊन वाचण्याचें काम आम्हींहि पुष्कळ वर्षें केलें आहे. परीक्षकाचें मन त्यामुळें आम्हांला थोडेंसें उमगतें. पेन्सिल हातीं आली कीं साधें वाक्यहि संशयित दिसूं लागतें, आणि कांहींच खोडलें नाहीं तर आपण वाचलेंच नाहीं असें वाटतें!

तेंडुलकरांचेंच ‘घाशीराम कोतवाल’ त्याच वर्षीं १६ डिसेंबरला पुण्यास झालें. सरकारनें त्यावर बंदी घातली नाहीं. रोष आला तो आपल्याच लोकांकडून: नाना फडणविसांची व पुण्याच्या ब्राह्मणांची बदनामी झाली म्हणून. एकोणीस प्रयोगांनंतर तें करणाऱ्या संस्थेनेंच तें थांबविलें. मग जब्बार पटेल व त्यांच्या सोबत्यांनीं ‘थिएटर ॲकॅडेमी’ ही नवी संस्था काढून १९७४ सालीं तें पुन्हां उभें केलें. १९८० सालीं मंडळी युरोपच्या दौऱ्यावर निघाली तेव्हां पुन्हां विरोध पेटला. तरीहि मंडळी गेली आणि प्रयोग झाले. नाना फडणविसांसारख्या मुत्सद्द्याचें तें चित्रण इतिहासाला धरून नाहीं, हें आमचें मत आहे. तें आम्हीं घरांतल्या तरुण मंडळींना सांगितलें. त्यांनीं ऐकून घेतलें आणि आम्हांला उलट विचारलें: अण्णा, महाभारतांतला कीचक तरी कर्झन होता का?